माइक उघडून पुन्हा मिटणारी माणसं

दिवाळी अंकात नोकरीविषयी लिहिणारे बहुतेक जण निवृत्त झालेले असतात. मला निवृत्तीला अजून बराच अवकाश आहे, आणि माझी नोकरी नेमकी काय आहे हे माझ्या आईलाही नीट सांगता येत नाही. ती शेजारणींना सांगते, "मोबाइलवर मीटिंगा लावते." संपादकांनी विचारलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. मग ते सहज बोलून गेले, की तहसीनलाही विचारणार होतो, पण ती कोरेगावात फार गडबडीत आहे. तेव्हा मी म्हटलं, लिहिते.

तहसीन माझी सहकारी. तिच्याबद्दल पुढे बरंच येणार आहे. मला हवं त्यापेक्षा जास्तच.

आमची कंपनी छोटी आहे. सांगलीत ट्रॅक्टरच्या एका शोरूमच्या वरच्या मजल्यावर आम्ही मोजकी माणसं बसतो. शेतातली ओल मोजणारे सेन्सर बसवणं हे कंपनीचं जुनं काम. जमिनीत दोन काट्यांची एक दांडी रोवतात. माती किती ओली आहे ते तिला कळतं आणि तो आकडा मोबाइलच्या नेटवर्कवरून आमच्याकडे येतो. माझं काम त्याच्या पुढचं. ज्यांची शेतं एकाच पाण्यावर आहेत त्यांची बैठक ऑनलाइन भरवायची, आणि त्या बैठकीत एकमेकांच्या चेहऱ्यांऐवजी त्यांना काय दिसावं याचं चित्र काढायचं.

चेहऱ्यांऐवजी का, हे सांगायला हवं. कवठे महांकाळच्या पलीकडचं एक गाव हे आमचं पहिलं गिऱ्हाईक. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक दिवाळी अंक वाचतात. तिथे तलावावर एक सामायिक मोटर आहे, तिथून निघालेली लांब पाइपलाइन, आणि तिच्यावर प्रत्येकाच्या शेताला एकेक व्हॉल्व. पाणी पाळीपाळीने घ्यायचं. पाळ्या ठरवायला सगळे एकत्र यायला हवेत, पण निम्मे मालक गावात नसतातच. काही फौजेत, काही गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे जुने दागिने गाळून सोनं-चांदी शुद्ध करणं. त्या धंद्यापायी या भागातली माणसं केरळपासून पंजाबपर्यंत दुकानं थाटून बसली आहेत. म्हणजे रान इथं, मालक तिथं आणि भांडण फोनवर.

पहिली बैठक आम्ही साध्या व्हिडिओवर घेतली. एका चौकटीत नुसता पंखा फिरत होता. एकीत मिशा होत्या, वरचा चेहरा नव्हता. केरळातल्या अशोकरावांच्या दुकानात भट्टी पेटलेली होती आणि ब्लोअरच्या आवाजात ते काय सांगताहेत ते त्यांनाही ऐकू येत नसावं. एकटे सुभेदार आबा तेवढे बरोबर मधोमध, छाती काढून बसलेले. ते फौजेतून निवृत्त होऊन आलेले, पाइपलाइनवर पहिला व्हॉल्व त्यांचा. "हां, बोलो, रिपोर्ट दो," असं ते प्रत्येकाला म्हणायचे आणि मग त्याचा रिपोर्ट स्वतःच देऊन टाकायचे.

मी चेहरे काढून टाकले. त्या जागी पाइपलाइन काढली, वळणांसकट, तलावापासून शेवटच्या शेतापर्यंत. प्रत्येकाच्या व्हॉल्वपाशी त्याचा एक गोळा. शेतात ओल असली की गोळा काळाभोर, माती सुकत गेली की फिकट होत जाणारा. कोण कुणाच्या वर आहे, कुणाचं रान कसं आहे, हे बैठक सुरू होताच सगळ्यांना एका नजरेत दिसावं, म्हणजे निदान तेवढ्यावरून तरी वाद नको. शिवाय जो बोलेल त्याचा गोळा फुगेल अशी सोय केली. यात माझा एक सुप्त हेतू होता. आपला गोळा फारच फुगला हे पाहून सुभेदार आबांना संकोच वाटेल.

आबांनी ती बढती समजली. "आज आपला गोळा केवढा झाला हुता, बघितला का?" असं त्यांनी दुसऱ्या दिवशी गावभर विचारलं. पुढच्या बैठकीत ते आणखी मोठ्याने बोलले. अशोकराव एक अक्षर न बोलताही ब्लोअरच्या आवाजावर फुगून त्यांच्या बरोबरीला आले, तेव्हा आबा भडकले. "हा अशोक तोंड उघडत न्हाई आन् गोळा माझ्याएवढा? मॅडम, तुमच्या यंत्रात घोटाळा हाय!"

घोटाळा माझ्यात होता. मी ज्या शाळेत शिकले तिथे जास्त बोललं की लाज वाटायची. साताऱ्याची इंग्रजी शाळा होती ती. मराठी बोललं की दंड आणि इंग्रजी चुकलं की हसू, म्हणून मी गप्प राहायला शिकले. जास्त दिसणं कुणाला आवडत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आता तहसीन. तिच्या अब्बांचं कवठे महांकाळमध्ये पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. लहानपणापासून गल्ल्याशेजारी बसून तिने अख्ख्या तालुक्याची घासाघीस ऐकली आहे. कंपनीत तिचं काम लोकांशी बोलण्याचं: सेन्सर बसवून घ्यायचे, बैठकीला सगळ्यांना हजर करायचं, बैठक चालवायची. माझं काम चित्राचं. आम्ही एकाच महिन्यात लागलो, एकाच टेबलावर समोरासमोर बसायचो, आणि माझ्या डब्यातलं लोणचं ती न विचारता घ्यायची. मला ती आवडायची. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे तसं वाटणार नाही.

आम्ही दोघी पहिल्यांदा त्या गावात गेलो तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पाइपलाइनवरचं शेवटचं शेत सुनंदा काकींचं. त्यांचे यजमान गलाईसाठी तामिळनाडूत, द्राक्षबाग काकीच बघतात. दारात पोचलो तशा त्या घाईने म्हणाल्या, "आरं, मॅडमना खुर्ची आना कुनीतरी!" मी खुर्चीत बसले. तहसीन सरळ आत गेली. थोड्या वेळाने चुलीपाशी दोघींचं हसणं ऐकू आलं. मला बशीत बिस्किटं आली. तिला तव्यावरची गरम भाकरी मिळाली, ती खातच ती बाहेर आली.

"अगं, आत ये की," ती म्हणाली.

आत जाता आलं असतं. पण खुर्ची मिळालेल्या माणसाने उठून चुलीपाशी कसं जायचं, ते मला येत नव्हतं. तेव्हापासून ती तहसीन ताई आणि मी मॅडम. खुर्चीत बसून कुणाच्या भाकरीचा हेवा करता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात खरी अडचण आली. द्राक्षाची खरड छाटणी उन्हाळ्यात होते. जुन्या काड्या खरडून काढतात, नवी काडी फुटते, आणि त्या कोवळ्या काडीत पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत तयार होऊ लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पण तेवढ्या दिवसांत पाणी तुटलं, तर वर्षभर बाग नुसती पानं देते. काकींचा गोळा त्या दिवसांत फिकट होत चालला होता. पाळी मिळत होती, तरी फिकट. आणखी दोन पाळ्या अशा गेल्या, तर त्यांचं सबंध वर्ष गेलंच.

"ठिबक चोकअप असंल," सुभेदार आबांनी बैठकीत निकाल दिला. "बायकांना ते फिल्टर धुवायचं ध्यानात ऱ्हात न्हाई."

काकी काही बोलल्या नाहीत. त्या कधीच बोलत नसत. सुभेदार आबा त्यांचे नात्याने थोरले दीर. व्हिडिओच्या त्या पहिल्या बैठकीतही आबांचा चेहरा दिसताच त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता आणि मग फोनच उलटा ठेवला होता. आमच्या सेन्सरला माती सुकली आहे एवढं कळत होतं. का सुकली, ते माणसाने सांगायला हवं होतं.

ऑफिसात मी बैठकीची नोंद तपासत बसले होते. कुणाचा आवाज तुटतो, कुणाचं नेटवर्क जातं, एवढंच बघायचं होतं. त्यात काकींच्या फोनची एक गंमत दिसली. त्यांचा माइक मधूनच उघडत होता आणि लगेच मिटत होता. आवाज काहीच नाही. उघडला, मिटला. जरा वेळाने पुन्हा उघडला, मिटला. मी आधी नेटवर्कचा दोष म्हणून खूण केली. मग हात थांबला. हा दोष नव्हता. हे मी स्वतः करत होते, रोज, ऑफिसच्या प्रत्येक ऑनलाइन मीटिंगमध्ये. बोलायचं ठरवायचं, बटण दाबायचं, तेवढ्यात दुसरं कुणीतरी बोलू लागतं, किंवा लागतही नाही, आणि आपण बटण परत दाबतो.

मागच्या बैठकांच्या नोंदीही मी काढून पाहिल्या. प्रत्येक बैठकीत काकी असंच करत होत्या, आणि नेमकं आबा ठिबकविषयी बोलले की लगेच.

मग मी चित्रात एक गोष्ट वाढवली. कुणी माइक उघडून न बोलता मिटला, की त्याच्या गोळ्याभोवती पाण्यात खडा पडल्यासारखा एक बारीक तरंग उठेल आणि विरून जाईल. आवाज नाही, रंग नाही. हात वर करायचं बटण आमच्याकडे होतंच, पण ते कुणी वापरत नसे. हात वर करणं म्हणजे शाळा. तरंग बनवताना मला भीती वाटत होती. माझ्याभोवती असा तरंग उठलेला मला मुळीच आवडला नसता. म्हणून आम्ही बैठकीत आधी सगळं सांगून टाकलं. सांगितलं तहसीननेच. "ज्याला नको आसंल त्यानं मला फोन करा, त्याचा बंद ठेवू." कुणाचा फोन आला नाही.

पुढच्या बैठकीत आबा मोटरच्या दुरुस्तीवर बोलत असताना पाइपलाइनच्या अगदी शेवटी तरंग उठला. मी माझ्या टेबलाशी बसून बघत होते. मी हे बनवलं होतं. त्या गावातलं दुसरं कुणी समजण्याआधी तो तरंग मला समजला होता. माझ्या माइकवर माझं बोट होतं.

"आबा, जरा दम धरा," समोरून तहसीन म्हणाली. "सुनंदा काकी, बोला की. काय म्हनत हुता?"

सगळे थांबले. ब्लोअरसुद्धा थांबला. अशोकरावांनी बंद केला असणार.

"आवं काय न्हाई..." काकींचा आवाज. मग एकदम, "आमची पाळी असती तवा वरचा पहिला व्हॉल्व अर्धा उघडा असतो. खाली पानी चढतच न्हाई. फिल्टर मी रोज धुती."

पहिला व्हॉल्व कुणाचा, हे पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. आबांचा गोळा इतका बारीक झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"व्हय," शेवटी आबा म्हणाले. "गुरांच्या हौदासाठी थोडा ठेवतो. एवढ्यानं काय हुतंय, म्हनलं." मग, "सुनंदा, हे आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमच्याम्होरं कवा बोललोय आमी, आबा?"

"मग आज कसं बोललीस?"

"आज तुमी दिसत न्हाई की. नुस्ता गोळा दिसतोय. गोळ्याला काय लाजायचं?"

केरळपासून पंजाबपर्यंत सगळे हसले. सगळे गोळे एकदम फुगले. एवढं सुंदर चित्र मी पुन्हा बनवलेलं नाही. आबांनी दुसऱ्यांच्या पाळीत व्हॉल्व पूर्ण बंद ठेवायचं कबूल केलं, आणि पुढची पाळी आल्यावर पाइपलाइनच्या टोकाचा फिकट गोळा हळूहळू गडद होत गेला. मी तो पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले.

नंतर तहसीनने काकींना विचारलं होतं, की तरंग दिसतो हे विसरला होता का? "इसरीन कशाला?" काकी म्हणाल्या. "म्हाईत हुतं म्हनून तर बटन दाबलं. हात वर करायची लाज वाटती. हे आपलं आपसूक दिसतंय." हेही मला तहसीनकडूनच कळलं. माझ्या चित्राबद्दलची सगळ्यात मोठी शाबासकी मला दुसरीच्या तोंडून, चहा पिता पिता ऐकायला मिळाली.

हंगाम संपताना काकींनी ऑफिसात बेदाण्याचा डबा पाठवला. वर चिठ्ठी: तहसीन ताईस. तिने डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाली, "घे की गं, तुझाच हाय." मी खाल्ले नाहीत. बेदाणे मला आवडत नाहीत असं सांगितलं. आवडतात.

मग कोरेगावचे काही शेतकरी आमचं काम बघायला आले. आल्याचं पीक करणारे, त्यांचंही पाणी सामायिक. आमचे सर त्यांना चित्र दाखवत होते. तरंगापाशी येऊन म्हणाले, "आणि ही आमच्या तहसीनची करामत. न बोलणाऱ्यालाही ही बोलतं करते."

"सर, तरंग हिचाय," तहसीन लगेच म्हणाली, माझ्याकडे बोट करून. "मी नुस्तं नाव पुकारलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेवढ्यात काहीतरी बोलायचं होतं, ते बोलले नाही, आणि पाहुणे पुन्हा तिच्याकडे वळले. तिने श्रेय लाटलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं. तिने ते सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवलं, आणि मला ते धरता आलं नाही. ज्याचा हेवा वाटतो त्या माणसाने वर चांगलंही असावं, हे फार होतं.

कोरेगावचं काम सुरू झालं, तेव्हा तिथे कुणीतरी प्रमुख म्हणून जायचं होतं. कोरेगाव माझ्या घरापासून जवळ. मला ते हवं होतं. सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, "कुणाला इच्छा आहे?" मी माइक उघडला. सर बहुधा फिरतीवर असतात, म्हणून आमच्या ऑफिसच्या मीटिंगा साध्या व्हिडिओवर होतात. तिथे तरंग नाही.

तहसीन गेली. जाताना लोणच्याची बरणी मागून घेऊन गेली.

मग त्या पहिल्या गावाची रविवारची दिवेलागणीची बैठक मला चालवावी लागली. सुरुवातीलाच अशोकरावांनी विचारलं, "तहसीन ताई कुठायत?" मी सांगितलं. पंजाबातून कुणीतरी विचारलं, "तहसीन ताई न्हाईत व्हय?" मी पुन्हा सांगितलं. मग कुणी काही बोलेना. आबासुद्धा नाहीत. खरं म्हणजे व्हॉल्वच्या त्या प्रकरणापासून आबा बैठकीत फारसे बोलतच नव्हते, आणि त्याची कुणी तक्रार केली नव्हती. जो नेहमी बोलतो तो गप्प बसला, तर लोकांना बरंच वाटतं.

पण मी चित्र बघणारी. मला बरेच दिवस एक गोष्ट दिसत होती. पाइपलाइनवरचा पहिला गोळा, तलावाला सगळ्यात जवळचा, फिकट पडत चालला होता. पाण्याच्या तोंडाशी राहून आबांचं रान सुकत होतं.

हे बोलावं का? वयाने एवढ्या मोठ्या माणसाला, सगळ्यांसमोर, मी? मी माइक उघडला. मिटला. पुन्हा उघडला. पुन्हा मिटला.

"आवं मॅडम," सुनंदा काकींचा आवाज आला, "तुमाला कायतरी बोलायचं हाय."

मी दचकले. चित्रात मोटरच्या खोलीजवळ दोन बारीक गोळे असायचे, एक तहसीनचा आणि एक माझा. बैठकीत हजर असलेल्या प्रत्येकाला गोळा, असा नियम मीच केला होता. माझ्याभोवतीचा तरंग गावापासून पंजाबपर्यंत सगळ्यांना दिसत होता.

"बोला की," काकी म्हणाल्या. "लाजताय कशाला? आमी कुठं दिसतोय?"

"आबा," मी म्हणाले. आवाज माझा मलाच बारीक वाटला. "तुमचं शेत सुकलंय. तुम्ही तुमची पाळी घेत नाही का?"

आबांचं खाकरणं ऐकू आलं. मग, "मॅडम, एकदा सगळ्यांम्होरं माझ्या व्हॉल्वचा विषय निघाला. आता त्याला हात लावायचा म्हनलं की वाटतंय, सगळी बघत्यात. ऱ्हाऊ दे, म्हनलं."

"आवं आबा!" काकी जवळजवळ ओरडल्याच. "तुमची पाळी तुमी घ्या की! आमच्या पाळीत घिऊ नका, एवढंच म्हनलं हुतं. ऊस वाळवा आसं कोन म्हनलं?"

"ऑर्डर समजली," आबा म्हणाले, आणि त्यांचा गोळा थोडा फुगला. "उद्या घेतो."

"बघणार आहे मी," मी म्हणाले. लोक हसले. मी असं काही बोलले यावर माझाच विश्वास बसेना. माझा गोळाही किंचित फुगला होता. मला तो पाहून लाज वाटली, पण फार नाही.

बैठक संपली आणि लगेच तहसीनचा फोन आला. कोरेगावात सगळं छान चाललंय, लोक फार चांगले आहेत, चहा पाजून पाजून जीव नकोसा करतात, वगैरे. मग तिने विषय बदलला.

"आपल्या लोकांची बैठक झाली?"

"झाली."

"कोण बोललं का?"

"सगळे बोलले. आबा, काकी. मीपण."

"तू?" ती हसली. पण हसणं नेहमीसारखं नव्हतं. "मग... माझी आठवण काढली का गं कुणी?"

तो आवाज मला ओळखीचा होता. मी तो खुर्चीत बसून, बेदाण्याच्या डब्यासमोर बसून, माझ्या स्वतःच्या आत पुष्कळदा ऐकला होता. 'नाही' एवढा एकच शब्द पुरला असता. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

साध्या फोनवर तरंग दिसत नाहीत, हे किती बरं.

"काढली," मी म्हणाले. "लय काढली."